हाड जुळलं, तरी गुडघा दगा का देतो?

आमच्या गटातल्या एक काकू गवताचा भारा घेऊन बांधावरून घसरल्या. गुडघ्याखालचं हाड मोडलं, प्लास्टर झालं, हाड जुळलं. पण उतारावर गुडघा अचानक निसटायचा. घरचे म्हणायचे, "एक्सरे तर चांगला आहे!"

एक्सरेत हाड दिसतं. हाडांना बांधून ठेवणारे दोरीसारखे लिगामेंट आणि मधली गादी दिसत नाही. हाड मोडण्याइतका मार बसला, तर त्यांनाही इजा झालेली असू शकते. ताज्या दुखण्यात गुडघा नीट हलवून बघता येत नाही, म्हणून ती राहून जाते. सूज-दुखणं उतरलं की डॉक्टरांनी हाताने तपासायला हवं, गरज वाटली तर एमआरआय. आपणच विचारायचं, "लिगामेंट बघितलं का?" त्यात लाजायचं काय?

फाटलं म्हणजे ऑपरेशनच, असं नाही. आतल्या बाजूचं लिगामेंट बऱ्याचदा पट्टा आणि व्यायामाने भरून येतं. गादीला कधी टाके घालतात. चोळणं, ओढून बसवणं मात्र नको. आणि मार लागल्यावर पाऊल गार किंवा बधिर पडलं, पोटरी दगडासारखी ताठरली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. रक्तपुरवठा अडला तर काही तासांत पाय जाऊ शकतो.

काकूंचं मधलं लिगामेंट फाटलेलं निघालं. सध्या मांडीच्या ताकदीचे व्यायाम चालू आहेत, ऑपरेशनचं त्यानंतर ठरेल. भारा आणायला आता मुलगा जातो.