पाळीचं पाणी, नळाचं पाणी

पुणेकराचं पाणी तोटीत असतं. फिरवली की आलं. नाही आलं तर सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी खरडायच्या, सेक्रेटरीला फोन करायचा, टँकर मागवायचा. इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याच्या शेतकऱ्याला मात्र पाण्याची पाळी असते. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी आधी वितरिकेत येतं, मग चारीत, मग एकामागून एक शेतात. हा क्रम ठरलेला असतो आणि त्याला शेजपाळी म्हणतात. पाळी रात्री दोनला आली, तर बॅटरी घेऊन रात्री दोनलाच बांधावर जायचं आणि दारं धरायची. आधीच्यानं तासभर जास्त ओढलं तर आपल्या उसाला कमी पडतं, आपण ओढलं तर पुढच्याच्या. हा पुढचा माणूस उद्या सकाळी डेअरीवर दूध घालायला येणार, परवा विकास सोसायटीत कर्जाच्या कामाला भेटणार आणि चार दिवसांनी एखाद्या लग्नाच्या मांडवात शेजारच्या खुर्चीवर बसणार, हे दोघांनाही माहीत असतं.

खेड्यातला माणूस साधा आणि शहरातला आतल्या गाठीचा, असं गावात म्हणतात. शहरातला पुढारलेला आणि खेड्यातला मागासलेला, असं शहरात म्हणतात. दोन्ही म्हणणी ऐकायला बरी वाटतात, पण त्यांतून उलगडा काहीच होत नाही. मुळात दोघंही दुसऱ्यावर अवलंबून आहेत. शहरातला तर जास्तच. सकाळच्या दुधापासून रात्रीच्या लिफ्टपर्यंत शेकडो माणसं त्याच्यासाठी राबतात. पण ती त्याला माहीत नसतात आणि त्यांच्याशी त्याचा संबंध बिलापुरता असतो. गावातला माणूस मोजक्याच लोकांवर अवलंबून असतो, मात्र त्यांच्यापासून त्याची सुटका नसते. वेळ, पैसा, अब्रू, पाहुणचार, भांडण या सगळ्यांकडे पाहण्याचा फरक इथून सुरू होतो.

ना धड गाव, ना धड शहर

हा फरक पाहायला अंथुर्णे बरं ठिकाण आहे, कारण इथलं खेडं केव्हाच जुन्या चित्रातलं राहिलेलं नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरचा हा भाग मूळचा दुष्काळी. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला, तो दुष्काळावरचा उपाय म्हणून. सुरुवातीला पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी मागायलाच येत नसत. पुढे सासवडकडच्या माळी बागायतदारांनी या पट्ट्यात ऊस लावून दाखवला आणि जमिनीचा रंग पालटला. 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी जवळच कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर वसवलं. त्याच गावच्या अभियांत्रिकी कारखान्यात नंतर इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटर केसिंग तयार होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर सहकाराच्या लाटेत भवानीनगरला छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि बारामतीची एमआयडीसी तर आणखी अलीकडची.

त्यामुळे इथल्या एका घरात थोरला ऊस बघतो, मधला कंपनीत शिफ्टला जातो आणि धाकटा हडपसर नाहीतर हिंजवडीत लॅपटॉपपुढे बसतो, यात कुणाला नवल वाटत नाही. सरकारी व्याख्येनं किमान 5,000 लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं असली, की नगरपालिका नसतानाही जनगणना त्या गावाला शहर म्हणते. 2011 च्या गणनेत महाराष्ट्रातली सुमारे 45 टक्के आणि पुणे जिल्ह्यातली सुमारे 61 टक्के लोकसंख्या शहरी भरली. आकड्यात सीमा ठळक दिसते. या तीन भावांच्या घरात ती कुठे आखायची, हे मात्र जनगणना सांगू शकत नाही.

पैसा एकदम येतो, पैसा महिन्याला येतो

शहरातला पगार एक तारखेला येतो, म्हणून तिथलं सगळं महिन्यात बसवलेलं: हप्ता, भाडं, शाळेची फी, एसआयपी. गावात मात्र आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की तुटायला दीड वर्ष जातं. मग ऊसतोडीची टोळी कधी मिळेल, गट ऑफिसातून तोडीची चिठ्ठी कधी निघेल, मुकादमाची माणसं आपल्या रानात कधी उतरतील, यावर सगळं अवलंबून. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायला हवेत. पण पहिला हप्ता केवढा आणि उरलेला कधी, यावर दरवर्षी आंदोलनं होतातच.

पैसा असा एकदम आणि उशिरा येतो, म्हणून खर्चही एकदम होतो. बिल निघालं की लग्न, बोअर, घराचा स्लॅब. शहरातल्या नातेवाइकाला ही उधळपट्टी वाटते. गावातल्याला त्याचं दर महिन्याला कापून जाणारं कर्ज वेडेपणाचं वाटतं. दोघंही आपापल्या उत्पन्नाला धरूनच वागत असतात. दीड वर्षाचं अंतर भरून काढतं ते दूध. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी निघतं आणि त्याला गावात पगारच म्हणतात. घरचं तेल-मीठ, पोरांच्या वह्या त्यावर चालतात. धारा काढण्यापासून वैरणीपर्यंतचं काम बहुतेक ठिकाणी बाईच्या अंगावर, आणि घरात नियमित येणारा पैसाही तिच्याच कष्टाचा. उसाच्या राजकारणावर पानंच्या पानं छापून येतात, पण घर ज्याच्यावर चालतं त्या दुधाच्या हिशोबाकडे फारसं कुणी बघत नाही.

‘कुणाचा रे तू?’

गावात नवखा दिसला की पहिला प्रश्न हाच. नाव नंतर. शहरी माणसाला ही चौकशी टोचते, आपल्या आयुष्यात कुणी नाक खुपसतंय असं वाटतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यानं 1903 मध्येच शहरी मनावर लिहिताना म्हटलं होतं, की रोज हजारो अनोळखी चेहऱ्यांशी गाठ पडणारा माणूस प्रत्येकाला मनापासून प्रतिसाद देऊ लागला तर मोडून पडेल. शहरी माणसाचा कोरडेपणा ही त्याची ढाल असते. गावातल्या माणसाला ती ढाल लागत नाही, पण त्याला आडोसाही मिळत नाही. मुलगी कुणाच्या गाडीवरून आली, कुणाच्या दारात बँकेची जीप थांबली, हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेलं असतं.

या ओळखीची ऊब सगळ्यांना सारखी कधीच मिळाली नाही. खेड्याच्या गौरवाला संविधान सभेत नोव्हेंबर 1948 मध्ये डॉ. आंबेडकरांनी कठोर विरोध केला, तो याच अनुभवातून. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला ‘कुणाचा रे तू?’ हा प्रश्न आपुलकीचा वाटत नाही. त्याच्या उत्तरावर पाणवठा आणि मजुरी ठरत आली. त्याच्यासाठी शहरातली अनोळखी गर्दी म्हणजे सुटका होती. अर्थात पुण्यात भाड्यानं खोली शोधताना आडनाव आणि खाणं विचारणारे मालक आजही भेटतात. म्हणजे तीच चौकशी शहरात भाडेकरार घेऊन येते.

2020 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या काळात, गाव-शहराचं नातं उलटं झालं. एरवी पुण्या-मुंबईच्या पाहुण्याचं कौतुक करणाऱ्या अनेक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या आणि आपल्याच पोरांना झेडपीच्या शाळेत चौदा दिवस बसवलं. ज्याची बित्तंबातमी माहीत असते त्याची काळजी घेता येते, तसं त्याला अडवताही येतं.

एका रात्रीचं शहर

संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा काटेवाडी, सणसर, बेलवाडी करत अंथुर्ण्यात मुक्कामाला येतो. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये हा सोहळा सुरू केला असं मानतात. काटेवाडीत पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीत गोल रिंगण होतं, आणि दुसऱ्या दिवशी सोहळा निमगाव केतकीकडे निघतो. मधल्या एका रात्री काही हजारांच्या गावात त्याच्या कित्येक पट माणसं उतरतात. पाणी, वीज, दवाखाना, शौचालयं, वाहतूक, म्हणजे नगरपालिकेचं सगळं काम गावाला एका रात्रीपुरतं उभं करावं लागतं. सरकारी यंत्रणा असते, टँकर असतात, पण ओसरीवर झोपायला जागा आणि ताटात भाकरी घरंच देतात. तिथं ‘कुणाचा रे तू?’ कुणी विचारत नाही. माऊली म्हटलं की पुरे.

वारी हा गाव-शहर भेटीचा आदर्श नमुना आहे, असं म्हणायचा मोह होतो. अलीकडे पुण्या-मुंबईतून सुट्टी काढून चालायला येणाऱ्यांची गर्दीही वाढली आहे. पण वारी जमते ती एका रात्रीपुरती असते म्हणून. यजमानाला माहीत असतं की पाहुणा पहाटे निघणार, आणि पाहुण्यालाही माहीत असतं की इथं हक्क सांगायचा नाही. कायमचं एकत्र राहायचं तर वाटणी करावी लागते, आणि तिथं भक्ती पुरत नाही.

धरण एक, वाटेकरी दोन

अशी एक वाटणी रोज चालू आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी मावतं. पुणे शहर तेच पितं आणि नव्या मुठा उजव्या कालव्यातून तेच हवेली, दौंड करत इंदापूर तालुक्याच्या उत्तर भागापर्यंत, दोनशेएक किलोमीटर जातं. योगायोग असा, की खडकवासल्याला 1903 मध्ये आपले स्वयंचलित दरवाजे बसवणारे अभियंते विश्वेश्वरय्या आणि नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणणारे विश्वेश्वरय्या एकच. पाणी ठरल्या क्षेत्राला, ठरल्या मुदतीसाठी, उसासोबत इतर पिकांनाही मिळावं हा तिचा हेतू होता. शेतकऱ्यांनी आधी विरोध केला होता.

आता दरवर्षी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत तोच झगडा होतो. शहर म्हणतं, पिण्याचं पाणी आधी. राज्याचं धोरणही तेच सांगतं. तालुका म्हणतो, मंजूर कोट्यापेक्षा जास्त उचलता आणि वापरलेलं पाणी घाण करून मुळा-मुठेतून, भीमेतून आमच्या उजनी धरणात सोडता. दोघांचंही खोटं नाही. फरक इतकाच, की शेतकऱ्याला आपला प्रतिस्पर्धी कोण ते ठाऊक आहे. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या माणसाला आपण कुणाच्या वाट्यातलं पितो हेच माहीत नसतं, कारण तोटीतून तसं काही दिसत नाही. महापालिकेनं बिलावर एक ओळ छापावी: यंदा शहराला मंजूर पाणी किती, उचललं किती, कालव्याला उरलं किती. वाटेकरी दिसला तर माणूस हात आखडतो, हे चारीवर रोज सिद्ध होतं.

सात-बारावरची माणसं

गाव आणि शहर यांच्यातली खरी रेघ आता घराच्या आतून, सात-बारावरून जाते. पाटस ते तोंडले-बोंडले या, इथूनच जाणाऱ्या संत तुकाराम पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 ला झाली. रस्ता रुंद झाला की जमीन मोजण्याचं मापही बदलतं. गावातला भाऊ एकरी टनात बोलतो, पुण्यातला गुंठ्याच्या भावात. एकाला वाटतं, हा जमीन विकायला निघालाय. दुसऱ्याला वाटतं, हा माझा हिस्सा फुकट कसतोय. बहिणीचा हक्क महाराष्ट्रात 1994 च्या कायद्यानंच भावांच्या बरोबरीचा झाला, देशभर 2005 मध्ये. तरी हक्कसोड पत्रावर तिची सही सहज होते, कारण माहेरचं दार उघडं राहणं ही तिच्यासाठी मोठी ठेव असते. शहरातल्या वकिलाला त्यात अन्याय दिसतो आणि आईला शहाणपण. पण बहिणीला हिस्सा आणि माहेर दोन्ही का मिळू नयेत, हा प्रश्न पारावर निघत नाही.

पुढे काय होऊ शकतं, ते पुण्याच्या कडेला पाहता येतं. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी 1917 मध्ये पिंपळे सौदागर या खेड्याची घरोघर पाहणी छापली. जमिनीचे तुकडे आणि कर्ज यांत अडकलेलं ते गाव होतं. आज तिथं टॉवर आहेत आणि कसणाऱ्यांचे वारस भाडं घेतात. अंथुर्णे पुण्यापासून दूर आहे, तिथं टॉवर येणार नाहीत. पण रस्त्याकडेची जमीन घेणारे बाहेरचे येतील, कुंपण घालतील आणि त्या कुंपणात कधी पाट, कधी शिवरस्ता अडेल. मग तहसीलदाराकडे अर्ज जाईल. अशा तंट्यांसाठी 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा अजून वापरात आहे.

एरवी बांधावर मिटणारं भांडण कचेरीत गेलं म्हणून हळहळायचं कारण नाही. ज्यांना पारावर कधी बोलू दिलं नाही, त्यांना कचेरीतच दाद मिळाली आहे. नव्या मालकाला मात्र खरेदीखतात जमीन मिळते, शेजारी मिळत नाहीत. ते त्याला पाणी सोडून, वाट देऊन, लग्नाला जाऊन मिळवावे लागतील. आणि जुन्या मालकांनी बहिणीचा हिस्सा मायेवर न ठेवता कागदावर लिहून द्यावा. शहराला ओळख शिकायची आहे आणि गावाला नियम. दोघांचंही शिकणं अजून अर्धवट आहे.