चिंचोक्याला आठवण नसते

चौकाबारा खेळताना घरातलं एक तरी माणूस म्हणतंच, "इतका वेळ चार पडले नाहीत, आता पडणारच!" मराठी घरात याच खेळाला चल्लस-आठ म्हणतात, वाक्य मात्र दोन्ही भाषांत तेच.

यंदा सुट्टीत मी सिल्वासाला, आमली भागात बहिणीकडे होते. गुजरातीत आमली म्हणजे चिंच, आपल्या कानडीत हुणसे. बहिणीकडे चिंचोके होतेच. एका बाजूने घासून पांढरे केले आणि पट मांडला.

आठवीतल्या भाचीने आधी वहीत हिशेब केला. चार चिंचोके, प्रत्येक दोन तऱ्हांनी पडणार, म्हणजे एकूण १६ तऱ्हा. चारही पांढरे येण्याची तऱ्हा एक; दोनच पांढरे येण्याच्या सहा. मग फेकायला सुरुवात. १६ फेका झाल्या, चार एकदाही नाहीत! "ताईचं गणित चुकलं," धाकटा ओरडला. पण गणित बरोबरच होतं. १६ फेकांत चार एकदाही न पडण्याची शक्यताच सुमारे ३६ टक्के असते. हिशेब आणि अनुभव जवळ यायला फेका पुष्कळ लागतात. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच या गणितज्ञाने नाणं १०,००० वेळा उडवलं. छापा ५,०६७ वेळा आला.

कधी अनुभवच हिशेबाला दुरुस्त करतो. इंग्लंडच्या वेल्डन यांनी १२ फासे २६,३०६ वेळा टाकले. पाच किंवा सहा ३३.३३ टक्के यायला हवेत; आले ३३.७७ टक्के. म्हणजे फासेच किंचित असमतोल होते. आपला घासलेला चिंचोका तर त्याहून वेडावाकडा! तो कसा पडतो, हे मोजूनच कळणार.

मात्र चिंचोक्याला आठवण नसते. मागच्या पन्नास फेकांत चार पडले नसले, तरी पुढच्या फेकीत शक्यता तेवढीच. "इतकी वर्षं लागली नाही, यंदा लागणारच" म्हणून लॉटरीचं तिकीट घेणारा नेमका इथेच फसतो. कर्नाटकात २००७ साली लॉटरी बंद झाली, पण मनातली ही समजूत कायद्याने जात नाही. चिंचोके हजारदा फेकले तरी खर्च शून्य. तिकिटाचा प्रयोग तेवढा केला तर घरातला पगार जाईल.

तेव्हा सुट्टीत मुलांच्या हाती चार चिंचोके आणि एक वही द्या. शंभर फेका मोजू द्या. पुढे कुणी "आता लागणारच" म्हणालं, तर मुलंच त्याला वही दाखवतील.