आधी ऊन आणि लाइन, मग प्रोसेसर

आलापल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. एका मे महिन्यात एक बाप पोराचा कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून घेऊन आला. तेंदूपत्त्याच्या मजुरीतून पैसे साठवून सुटे भाग आणले होते. प्रोसेसर चांगला, रॅम भरपूर, समोर रंगीत दिव्यांचे तीन पंखे. आतल्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत फुकट आलेला. तो उघडला तर कपॅसिटरची डोकी फुगलेली, खाली तपकिरी चिकट डाग आणि जळका वास. जाता जाता त्यानं मदरबोर्डही नेला होता.

तेव्हापासून कोणी ‘तीस हजारांत काय काय घेऊ?’ असं विचारलं की मी उलट विचारतो, ‘कॉम्प्युटर कोणत्या खोलीत ठेवणार, आणि लाइन किती वेळा जाते?’

कारण सोपं आहे. समजा, काम करताना प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतो. पुण्यात खोली २८ अंशांवर असेल तर तो ७३ वर राहील. चंद्रपुरात नवतप्याच्या कडक उन्हात पत्र्याखालची खोली सहज ४२ वर जाते, म्हणजे तोच प्रोसेसर ८७ वर. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की तो स्वतःचा वेग कमी करतो. कपॅसिटरचं तर तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं.

म्हणून पहिला पैसा एसएमपीएसवर. ‘८० प्लस’ची खूण पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका, ती चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. पूर्ण क्षमता ४० किंवा ५० अंशांना मिळते असं कंपनीनं लिहिलेला घ्या. ४५० वॉट घरच्या कामाला भरपूर झाले. त्यासोबत ६०० व्हीएचा यूपीएस आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. घरी इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर साइन वेव्हचा घ्या.

दुसरा पैसा हवेवर. समोर जाळी असलेलं कॅबिनेट आणि दोन साधे पंखे, एक हवा आत घेणारा, एक बाहेर फेकणारा. खाणींच्या पट्ट्यात, घुग्घुस-बल्लारपूरकडे, कोळशाची धूळ महिन्याभरात जाळी बुजवते. जुन्या ब्रशनं झाडत जा. आणि कूलरच्या झोतात कॉम्प्युटर कधीही ठेवू नका. माणसाला थंडावा देणारी ती ओल बोर्डावर क्षार साठवते.

आता प्रोसेसर. ग्राफिक्स आतच असलेला घ्या, म्हणजे वेगळ्या कार्डाचा खर्च आणि उष्णता दोन्ही वाचतात. २०२१ साली आलेला एएमडीचा रायझन ५ ५६००जी हे याचं चांगलं उदाहरण: ६ कोअर, ६५ वॉट. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, हे दुकानात विचारूनच घ्या. रॅम १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्यांनी त्याची वाट रुंद होते. जुन्या हार्ड डिस्कऐवजी ५०० जीबीची एसएसडी घ्या.

कार्यालयांतून निघालेले जुने कॉम्प्युटर स्वस्त मिळतात आणि अभ्यासाला चालतात. पण त्यांतल्या लहान आकाराच्या यंत्रांत बरेचदा कंपनीचा खास एसएमपीएस असतो. तो गेला की नागपूरच्या सीताबर्डीतही सहज सापडत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा तर विचारूच नका. आपल्याकडे कोणत्याही दुकानात बदलून मिळेल असाच भाग घ्यावा.

पावसाळ्यात ढग गरजू लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, इंटरनेटची वायरही काढा.

त्या बापाला मी नवा एसएमपीएस आणि वापरलेला मदरबोर्ड बसवून दिला. रंगीत पंखे काढून ठेवले, त्यांच्या जागी साधे दोन लावले. पैसे कमी असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, रॅम पुढच्या वर्षी वाढवा. एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर करू नका.