दूरस्थ कामाचे वेतन आणि निवासस्थान

कामाचे स्थळ आणि कामगाराचे निवासस्थान परस्परांच्या जवळ असणार, हे वेतनविचाराचे एक अनुक्त गृहीत होते. दूरस्थ कामाने ते ढासळले. मे २०२० मध्ये फेसबुक कंपनीने घरून काम करण्याची मुभा विस्तारताना, स्वस्त प्रदेशात राहावयास जाणाऱ्यांचे वेतन त्या प्रदेशाच्या मानाने ठरेल, असे जाहीर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात रेडिट कंपनीने अमेरिकेपुरते नेमके उलट धोरण पत्करले : राहणे कोठेही असो, वेतनश्रेणी एकच. या दोहोंपैकी न्याय्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका देशाच्या मर्यादेत केला आहे.

स्थळपरत्वे वेतनभेदाची दोन कारणे सांगितली जातात व त्यांची अनेकदा गल्लत होते. एक, निर्वाहखर्चाची भरपाई. दुसरे, स्थानिक श्रमबाजारातील दर.

पहिल्याचे परिचित उदाहरण म्हणजे आपल्या केंद्र सरकारचा घरभाडे भत्ता. मूळ वेतन व महागाई भत्ता यांचे दर देशभर समान. घरभाडे भत्ता मात्र शहराच्या वर्गानुसार. जानेवारी २०२४ पासून तो मूळ वेतनाच्या ३०, २० व १० टक्के झाला. म्हणजे ५०,००० रुपये मूळ वेतनावर मुंबईत १५,००० रुपये, तर पाच लाखांहून कमी वस्तीच्या गावी ५,००० रुपये. कामाची किंमत आणि स्थळाची भरपाई येथे वेगळ्या ठेवल्या आहेत. अर्थात, नेमणुकीचे ठिकाण सरकार ठरविते, म्हणूनच भरपाईचे दायित्व सरकारवर येते.

दुसऱ्याचे उदाहरण अमेरिकेच्या संघ-सरकारचे. १९९० च्या कायद्यान्वये १९९४ पासून तेथे स्थानिक वेतनवाढ मिळते. तिचा आधार वस्तूंचे भाव नसून सरकारेतर नोकऱ्यांतील वेतन हा आहे. घरून काम करणारा नोकर दर दोन आठवड्यांच्या वेतनकालखंडात किमान दोनदा नियमितपणे कचेरीत येत असेल, तर सामान्यतः कचेरीचे स्थळ धरतात, एरवी घराचे. काम तेच राहूनही केवळ हजेरीमुळे वेतन बदलू शकते.

दूरस्थ कामात स्थळाची निवड कामगार करतो. म्हणून भरपाईचा युक्तिवाद लंगडा पडतो. त्याने महागडे शहर निवडले तर वाढीव खर्च मालकाने का सोसावा? परंतु याच न्यायाने, त्याने लहान गाव निवडले तर होणारी बचत मालकाने का घ्यावी?

उरतो बाजाराचा युक्तिवाद. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच दाखविले होते की, धान्याच्या भावापेक्षा मजुरीचे दर स्थळपरत्वे अधिक भिन्न असतात. कारण माणूस मालाइतका सहज हलत नाही. दूरस्थ कामात माणूस न हलता श्रम हलतो. मग त्या श्रमाचा बाजार स्थानिक कसा? इतर मालकही स्थानिक दरच देतात, एवढ्यावरच तो स्थानिक राहतो.

याविरुद्ध एक आक्षेप गंभीर आहे. दर सर्वत्र महानगराइतका ठेवला, तर लहान गावातील उमेदवारास कमी वेतनामुळे मिळणारी संधीच हिरावली जाईल. तथापि हा आक्षेप दर किती असावा याविषयीचा आहे. समान काम करणाऱ्या दोघांत भेद का असावा, याचे उत्तर त्यात नाही. म्हणून कामाचे मोल एक ठेवावे, आणि मालकाने विशिष्ट स्थळी राहण्याची अट घातली तरच तिची भरपाई पृथक भत्त्याने, उघडपणे करावी, हेच अधिक सुसंगत होय.