मोजणीतून निवाऱ्याकडे

सरकारदप्तरी ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी योजना आखली जात नाही. शहरांच्या कारभारातील हे एक कटू सत्य होय. मुंबईत १९७६ साली झोपडपट्ट्यांची गणना झाली व झोपडीवासीयांना ओळखपत्रे मिळाली. पदपथांवर राहणारी कुटुंबे मात्र या गणनेबाहेरच राहिली.

बेघरांच्या बाजूने शासनाचे धोरण बदलावे यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत जोकिन अर्पुथम यांचे नाव अग्रभागी येते. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात जन्मलेले जोकिन तरुणपणी मुंबईस आले आणि मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहू लागले. भाभा अणुसंशोधन केंद्राजवळची ही वस्ती हलवण्याचे ठरले, तेव्हा रहिवाशांनी मोर्चे काढले, न्यायालयाचे दारही ठोठावले. तरीही आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, ती पाडण्यात आली आणि रहिवाशांना चीता कॅम्पमध्ये जावे लागले. विरोधाने पाडकाम लांबते, पण टळत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

पुढे १९८१ मध्ये महाराष्ट्र शासनाने पदपथवासीयांना हटवण्याचा निर्णय जाहीर केला. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात मान्य करण्यात आले. मात्र पावसाळा संपल्यावर पदपथ मोकळे करण्यास मुभाही देण्यात आली. तत्त्व पदरात पडले, छप्पर नव्हे.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथवासीयांची मोजणी केली. सुमारे ६,००० कुटुंबांची माहिती ‘वी, द इन्व्हिजिबल’ या अहवालात प्रसिद्ध झाली. ही माणसे भटकी नव्हती. पोटासाठी ती गावाकडून आली होती, आणि काम पायी गाठता यावे म्हणून पदपथावर राहत होती. तुटपुंज्या मजुरीत घरभाडे व प्रवासखर्च या दोहोंचा मेळ बसत नव्हता. ‘बेकायदा’ या एका शब्दाआड दडलेले हे अर्थकारण प्रथमच आकड्यांत मांडले गेले.

जोकिन यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ, ‘स्पार्क’ आणि १९८६ पासून ‘महिला मिलन’ यांनी हीच वाट पुढे चालवली. स्त्रियांनी रोजची अल्पबचत सुरू केली, घरांचे नमुने स्वतः उभारून दाखवले आणि अधिकाऱ्यांशी चर्चा करताना आपल्याच वस्तीचे आकडे पुढे ठेवले. अखेर १९९५ च्या धोरणात पदपथवासीयही पुनर्वसनास पात्र ठरले. जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

परंतु मोजणीला दुसरी बाजूही आहे. पात्रतेसाठी एक तारीख ठरवावी लागते. त्या तारखेनंतर शहरात आलेले कुटुंब पुन्हा अदृश्यच राहते. म्हणूनच या क्षेत्रात काम करणाऱ्याला वही कधीच मिटता येत नाही.