विश्लेषण : रोज चार ओळी लिहिल्याने मन खरेच हलके होते का? जर्नलिंगची सुरुवात कशी करावी?

डिसेंबरअखेरीस बँकेची किंवा विमा कंपनीची डायरी घरी येते. १ जानेवारीला पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात संकल्प लिहिला जातो. संक्रांतीपर्यंत अक्षर बिघडते आणि फेब्रुवारीपासून त्याच पानांवर दूधवाल्याचा हिशेब आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख दिसू लागते. आता हीच सवय ‘जर्नलिंग’ या नावाने पुन्हा चर्चेत आहे. रोज लिहिल्याने ताण कमी होतो, झोप सुधारते, असे दावे रील्समधून केले जातात. हे दावे संशोधनाच्या कसोटीवर किती टिकतात, पहिल्यांदा लिहिणाऱ्याने काय करावे आणि कुठे थांबावे, याविषयी…

रोजनिशी आणि जर्नलिंग यांत फरक काय?

रोजनिशी मराठी माणसाला नवी नाही. पेशव्यांच्या रोजनिशीतील नोंदी आज इतिहासाचे साधन आहेत आणि व्यापाऱ्याची रोजकीर्द पिढ्यान् पिढ्या लिहिली गेली आहे. अशा नोंदींत काय घडले, किती आले, किती गेले हे असते. जर्नलिंगमध्ये आणखी एक रकाना वाढतो, तो म्हणजे या घटनेने मनात काय झाले याचा. ‘आज लोकल चुकली’ ही झाली रोजनिशी. ‘लोकल चुकली आणि दिवसभर सगळ्यांवर चिडचिड झाली, कारण उशिरा येण्यावरून काल ऐकून घ्यावे लागले होते’ हे झाले जर्नलिंग.

या विषयावर संशोधन कधी सुरू झाले?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयाचा पाया मानला जातो. त्यात ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगण्यात आले. काहींनी साध्या विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगावर. ज्यांनी त्या प्रसंगाचा तपशील आणि त्या वेळच्या भावना असे दोन्ही लिहिले, त्यांच्या पुढील सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातील फेऱ्या तुलनेने कमी झाल्या.

याच प्रयोगातील दुसरी बाब रील्समध्ये सहसा सांगितली जात नाही. लिहून झाल्यावर लगेच या विद्यार्थ्यांना बरे वाटले नाही. उलट ते अधिक उदास होते. म्हणजे पहिल्या दिवशी लिहिल्यावर मन जड झाले, तर आपले काही चुकले असे समजण्याचे कारण नाही.

फायदा नेमका किती होतो?

जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. लिहिण्याचा फायदा होतो, पण सरासरीने तो लहान असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यामुळे वही हे औषधाला किंवा समुपदेशनाला पर्याय नाही. मात्र खर्च जवळपास शून्य आणि वेळ पाच-दहा मिनिटे, हे पाहता लहान फायदाही पदरात पाडून घेण्यासारखा आहे.

कशा प्रकारचे लेखन उपयोगी पडते?

पेनेबेकर यांनी पुढे सहभागींच्या लेखनातील शब्द संगणकाने मोजले. ज्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘लक्षात आले’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक फायदा झाल्याचे दिसले. रोज तीच तक्रार लिहिण्यापेक्षा त्या प्रसंगाची संगती लावणे महत्त्वाचे ठरते.

एक उदाहरण घेऊ. ‘साहेबांनी आज पुन्हा सगळ्यांसमोर बोलून घेतले. माझ्याच नशिबी हे का?’ असे सलग आठ दिवस लिहिले, तर राग तसाच राहतो. तेच असे लिहून पाहता येते : ‘साहेब बोलले तेव्हा राग आला, कारण तो अहवाल मी रात्री नऊपर्यंत बसून केला होता. ते त्यांना सांगितलेच नव्हते, हे आता लक्षात आले. म्हणून उद्या सकाळी पाच मिनिटे मागून घेणार.’ प्रसंग तोच आहे, पण दुसऱ्या नोंदीतून पुढची वाट दिसते.

लिहिण्याने त्रास वाढू शकतो का?

काही जणांच्या बाबतीत, हो. नुकतेच जोडीदारापासून विभक्त झालेल्या ९० जणांवरील एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच त्याच त्या विचारांत गुरफटण्याची सवय असलेल्यांना भावनांविषयी खोलात लिहिल्याने अधिक त्रास झाला. दिवसभर काय केले एवढेच साधेपणाने लिहिणारे तशाच स्वभावाचे लोक त्यांच्यापेक्षा बरे राहिले. एकच विषय मनातून जात नसेल, तर त्यावर पाने भरण्याऐवजी दिवसाच्या साध्या नोंदी ठेवणे बरे.

सुरुवात कुठून करावी?

कोऱ्या पानाची धास्ती सगळ्यांनाच वाटते. त्यावर उपाय म्हणजे एकच प्रश्न ठरवून घेणे. पुढील तीनपैकी एक प्रकार निवडून आठवडाभर करून पाहता येईल.

१. तीन ओळी : आज काय घडले, त्याचे काय वाटले आणि का वाटले. प्रत्येकी एक ओळ.

२. उद्याची यादी : अंथरुणावर पडल्यावर कामे आठवत असतील त्यांच्यासाठी. २०१८ मधील एका प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला सांगितले. पुढील दिवसांची कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर लागली. ‘बँकेचे काम’ याऐवजी ‘११ वाजता बँकेत केवायसीची कागदपत्रे देणे’ असे लिहावे.

३. कृतज्ञतेची नोंद : रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांच्या २००३ मधील अभ्यासात, आठवड्यातून एकदा पाचपर्यंत चांगल्या गोष्टी लिहिणारे येत्या आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळले. ही नोंद रोजच केली पाहिजे असे नाही. रविवारी दुपारीही चालेल.

शुद्धलेखन, अक्षर, भाषा यांची चिंता करू नये. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, मराठी-इंग्रजी मिसळून, जसे मनात येते तसे लिहावे. टंकण्याचा कंटाळा असेल तर मोबाइलवर बोलून लिहिता येते.

मधे खंड पडला तर?

लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानुसार सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतात आणि मधला आकडा ६६ दिवसांचा आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसले. त्यामुळे २१ दिवसांच्या ‘चॅलेंज’मध्ये बाविसाव्या दिवशी जमले नाही म्हणून वही टाकून देऊ नये. राहिलेली पाने मागे जाऊन भरण्याचीही गरज नाही. रोजच्या एखाद्या कामाला लिहिणे जोडले तर आठवण राहते, उदाहरणार्थ रात्रीचे ओटा आवरणे किंवा सकाळचा चहा.

वही की मोबाइल? कोणी वाचले तर?

दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्न सर्वांत खरा असतो. वही आई वाचेल, सासूबाई वाचतील, नवरा विचारेल या भीतीने अनेक जण लिहीतच नाहीत किंवा लिहितानाही खोटे लिहितात. मोबाइलमध्ये पासवर्ड लावता येणारे नोट्स ॲप वापरता येईल. आयफोनमध्ये २०२३ पासून असलेले ‘जर्नल’ ॲप फेस आयडीने बंद ठेवता येते. मात्र घरातील सर्वांचे ईमेल खाते एकच असेल, तर नोट्स दुसऱ्या फोनवरही दिसू शकतात. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन ते तपासावे. याहून सोपा उपाय म्हणजे सुट्या कागदावर लिहून तो फाडून टाकणे. वर्षभराचा संग्रह झालाच पाहिजे, असा नियम नाही.

मदत कधी घ्यावी?

लिहायला लागून दोन आठवडे झाले तरी झोप, भूक, कामातील लक्ष बिघडलेलेच असेल किंवा लिहिताना जगणे नकोसे वाटत असल्याचे शब्द येत असतील, तर वही मिटून माणसाशी बोलावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंतच्या नोंदी सोबत न्याव्यात. त्रास कधीपासून होतो, कशाने वाढतो, हे सांगायला त्यांचा उपयोग होतो.