लाठी, मुद्गल आणि जोर-बैठका : आखाड्यातला व्यायाम आजच्या शरीरासाठी

कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांत आपली मंडळी बरीच दिसतात. चालणे उत्तमच. पण चालण्याने दम वाढतो. खांदे, मनगटे आणि पाठ यांना फारसे काम मिळत नाही, आणि साठीनंतर न्हाणीघरात पाय घसरण्याची जी धास्ती असते, तीही नुसत्या चालण्याने जात नाही. दुसरीकडे घरातली तरुण मुले जिममध्ये जाऊन दंड कमावतात आणि पंगतीला मांडी घालून बसा म्हटले की खुर्ची शोधतात.

या दोन्हींवर उपाय म्हणून ‘फंक्शनल ट्रेनिंग’ आणि मार्शल आर्ट यांचे मिश्रण सध्या लोकप्रिय आहे. एकेक स्नायू वेगळा घडवण्याऐवजी उचलणे, ढकलणे, ओढणे, वळणे, तोल सावरणे अशा रोजच्या हालचालींत ताकद वाढवायची आणि जोडीला एखादी युद्धकला शिकायची. बडोदेकरांना यात नवल वाटू नये. 1880 साली सुरू झालेल्या जुम्मादादांच्या आखाड्यात आणि पुढे त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव (1878–1954) यांच्या हाताखाली लाठी, लेझीम, मल्लखांब आणि कुस्ती हे सगळे एकाच आवारात चाले. माणिकराव हाडवैद्यही होते, म्हणजे शरीर कुठे मोडते हे जाणणारा माणूसच ते घडवायला शिकवत होता. व्यायामज्ञानकोशाचे मराठी खंडही याच शहरातून निघाले.

या मिश्रणाचे मर्म लाठीत चांगले कळते. नवशिका हाताने मारतो आणि दोन मिनिटांत थकतो. जाणकाराचा वार मागच्या पायाच्या टाचेपासून निघतो. पाय जमीन दाबतो, कंबर वळते, पाठीतून जोर खांद्यात येतो आणि मनगट त्याला फक्त दिशा देते. पवित्रा बदलताना सगळा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, नजर समोर असते आणि मागे सरकतानाही तोल ठेवावा लागतो. यंत्रावर बसून वजन ढकलणाऱ्याचे पाय आणि कंबर त्या वेळी जवळजवळ सुट्टीवर असतात. घरात गॅसचा सिलिंडर सरकवताना किंवा नातवाला उचलून वळताना मात्र सगळे शरीर एकदम कामाला लागते, आणि सवय नसेल तर तिथेच कंबर धरते.

अर्थात नुसत्या लाठीने ताकद येणार नाही, कारण लाठी हलकी असते. त्यासाठी ओझे हवे, आणि आखाड्यात ते मुद्गलाचे असे. मुद्गलाचे वजन मुठीपासून दूर, टोकाकडे असते. म्हणून दोन किलोचा मुद्गल दोन किलोच्या डंबेलपेक्षा कितीतरी जड लागतो. तो डोक्यामागून फिरवताना खांद्याचा सांधा पूर्ण फिरतो आणि पकड सुधारते. इंग्रज अधिकाऱ्यांनी हे मुद्गल एकोणिसाव्या शतकात विलायतेला नेले. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये हलके मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. आता तेच परत ‘क्लब’ म्हणून ऑनलाइन विकत मिळतात. असो. सुरुवात किलोभराच्या मुद्गलाने करावी आणि मागे नेताना कंबर पोकळ होऊ देऊ नये.

जोर आणि बैठका सर्वांना माहीत आहेत. जोरात छाती आणि दंड काम करतात, शिवाय पाठीचा कणा पुढे-मागे मोकळा होतो. साध्या पुश-अपमध्ये हे दुसरे होत नाही. पण पाचशे बैठकांची जुनी फुशारकी सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चवड्यांवर, टाचा उचलून काढलेल्या बैठकांचा भार गुडघ्यावर जास्त येतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी टाचा टेकवून, कंबर मागे नेत पंधरा-वीस बैठका सावकाश काढाव्यात. त्या सोप्या वाटू लागल्या की आकडा वाढवण्याऐवजी हातात वजन घ्यावे.

जोर-बैठकांत एक उणीव राहते. त्यांत ढकलणे आहे, ओढणे नाही. जमिनीवरून काही उचलणेही नाही. आखाड्यात ही कसर मल्लखांब, दोर आणि नाल भरून काढत. बाजीराव दुसऱ्याच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब रूढ केला, आणि अंग पकडीने वर ओढण्याचा याहून चांगला व्यायाम क्वचितच असेल. प्रौढांनी मात्र बारला लोंबकळणे आणि वाकून डंबेल ओढणे यावर समाधान मानावे. नालेच्या जागी केटलबेल चालेल, आणि तेही नसेल तर पाण्याने भरलेल्या दोन बादल्या घेऊन ताठ चालावे.

आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटे पुरेत. दहा मिनिटे सांधे मोकळे करावेत, मग लाठी आणि शेवटी ताकदीचे व्यायाम. हा क्रम उलटा करू नये, कारण थकलेल्या मनगटातली लाठी आपल्याच गुडघ्यावर बसते. लाठी गच्चीवर किंवा अंगणात फिरवावी. दिवाणखान्यात पंखा वाचत नाही.

पासष्टीपुढच्या ज्येष्ठांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोल सुधारणारा व्यायाम सुचवते. त्यांनी खुर्चीवरून उठबस करावी, जोर भिंतीला हात टेकून काढावेत आणि लाठीचे पवित्रे वाराशिवाय, संथ घ्यावेत. बाजूला पाऊल टाकणे, वळणे, थांबणे हे त्यात आपोआप घडते. रक्तदाब असणाऱ्यांनी जोर लावताना श्वास कोंडू नये. छातीत दुखणे किंवा चक्कर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पहिला महिना तरी पवित्रे जाणत्याच्या नजरेखाली शिकावेत. व्हिडिओत हातांची चाल दिसते. भार कोणत्या पायावर आहे ते दिसत नाही.